सरड्याची धाव दिवाणखान्यापर्यंत

पोपट पाळला तर वनखातं दारात, कुत्र्याला रोज फिरवायचा कंटाळा. मग बिदर जिल्ह्यातल्या भालकी-बसवकल्याणकडच्या पोरांना मोबाइलवर नवं वेड सापडतं: बिअर्डेड ड्रॅगन. दाढीवाला सरडा.

नाव ड्रॅगन, लांबी शेपटीसकट दीड-दोन फूट. आग ओकत नाही, खिशाला लावतो.

विकणारा सांगतो, "थेट ऑस्ट्रेलियाचा माल आहे." ऑस्ट्रेलिया आपले रानटी सरडे व्यापारासाठी देशाबाहेर जाऊच देत नाही. दुकानातला हा प्राणी पेटीतच जन्मलेला. त्याच्या आजोबांनीही ऑस्ट्रेलिया पाहिलेला नसतो.

"वाळवंटातला आहे, गुलबर्ग्याचं ऊन म्हणजे त्याचं माहेर!" असं? त्याला पेटीच्या एका टोकाला चाळीस अंशांची ऊब लागते आणि दुसऱ्या टोकाला पंचविशीचा गारवा. तापला की तो सावलीत सरकतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत सावलीचं टोक कुठून आणणार?

माहेर नव्हे, भट्टी.

आणि डिसेंबरात बिदरची थंडी, त्यात करंट गेलेला. अंगात ऊब नसली की याला खाल्लेलं पचत नाही. तो निपचित पडतो. मालक कौतुकाने सांगतो, "फार शांत स्वभावाचा आहे हो."

"खिडकीतून ऊन येतं की!" येतं, पण काच त्यातले कामाचे अतिनील किरण अडवते. ते नाहीत तर डी जीवनसत्त्व नाही, ते नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात. खास दिवा हवा, आणि तो जळत असला तरी किरण कमी होत जातात म्हणून ठरल्या मुदतीत बदलावा लागतो.

सरडा एकदाच विकत घेता येतो. दिवे दर वर्षी.

एकटा कंटाळेल म्हणून जोडी आणतात. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसतो. लगेच फोटो: किती प्रेम! प्रेम कसलं? वरचा ऊब लाटतोय, खालचा दबलाय. आणि तो हात हलवतो ना, तो टाटा करत नाही. "दादा, मी लहान, मारू नका," असं म्हणतोय.

"पालक घातला की झालं." पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. शिवाय पिल्लाला जिवंत किडे लागतात, रोज. स्वयंपाकघरात एक झुरळ दिसलं की घर डोक्यावर घेणारी मंडळी आता डब्यात झुरळं वाढवणार?

आजारी पडला तर? बिदरला २००४पासून अख्खं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. पण तालुक्यातल्या डॉक्टरांचा हात बसलाय देवणी गाई-बैलांवर. सरड्याची नाडी बघा म्हटलं तर ते आधी तुमची बघतील.

हा प्राणी नीट सांभाळला तर दहा वर्षं जगतो. पोरगं मध्येच इंजिनिअरिंगला पुण्याला नाहीतर हैदराबादला जाणार. मग किडे कोण घालणार? आई. तिला कुणी विचारलं होतं?

कागदांचं काय? २०२२मध्ये वन्यजीव कायदा बदलला, २०२४मध्ये नियम आले. कायद्याच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद आता परिवेश पोर्टलवर करावी लागते. आपला पाहुणा यादीत आहे का, एवढंच विकणाऱ्याला विचारा. उत्तरापेक्षा चेहरा बघा.

खरी गंमत पुढे आहे. गुलबर्ग्याच्या तुरीत कुंपणावर मान हलवत बसलेला आपला सरडा या ड्रॅगनच्याच कुळातला आहे. दिवा नको, पेटी नको. पिकावरचे किडे फुकट खातो. त्याला मात्र आपण दगड मारतो. बिनविषारी मांडुळाला दुतोंड्या ठरवून लाखांचे सौदे करतो, घोरपडीचं तेल गुडघ्याला चोळतो. हे सगळं डोळ्यांदेखत चालतं आणि विलायती सरड्याला मात्र एसी.

प्राण्यांची हौस आहे? उत्तम. मग आधी हातातला दगड खाली टाका. त्याला खर्च शून्य आहे, आणि त्यासाठी कुठल्याही पोर्टलवर नोंद करावी लागत नाही.