टक्केवारी

पुण्याच्या गाडीत पूर्वी लोक शेजाऱ्याचा पेपर मागायचे. फार तर मधलं पान. आता ते फोनच्या पाठीकडे बघतात. "काका, तुमच्याला रिव्हर्स चार्जिंग आहे ना? पाचच मिनिटं पाठ द्या."

पाठ द्यायची म्हणजे आधी कव्हर काढायचं. कव्हरखालची पन्नासची नोट, मेट्रोचं कार्ड आणि गणपतीचा फोटो मांडीवर घ्यायचा. मग आपला फोन पालथा, त्यावर मागणाऱ्याचा उताणा. आता हलायचं नाही. गाडीला वळण आलं की दोघांनी मिळून चार हातांनी धरायचं. वरचा फोन बोटभर सरकला तर चार्जिंग बंद. गंमत अशी की वरच्याचा पडदा उघडा, म्हणून तो आरामात रील्स बघतो. दात्याचा पडदा खाली, म्हणून दाता खिडकीबाहेर बघतो.

हे सुख 2018 साली पहिल्यांदा फोनमध्ये आलं. वेग साधारण साडेचार वॅट. घरी भिंतीला लावायचे चार्जर साठ-ऐंशी वॅटांच्या गोष्टी करतात, तेव्हा हा साडेचार. पाच हजार एमएएचची बॅटरी या वेगानं भरायची तर एक थेंबही न सांडता चार तासांच्या वर लागतील. दादरला पाठ लावली तर पुणं येईल, फोन भरायचा नाही.

आणि थेंब सांडतात. खरं दुखणं तेच आहे. आपले दहा टक्के गेले की समोरच्याकडे पाच पोचले तरी नशीब. बाकीचे पाच कुठे गेले? आम्ही चौकशी केली. आपल्या बॅटरीतला डीसी आधी एसी होतो. तो तांब्याच्या चपट्या वेटोळ्यात शिरतो, तिथे त्याचं चुंबकीय क्षेत्र होतं, ते दोन फोनांमधली फट ओलांडतं, पलीकडच्या वेटोळ्यात पुन्हा एसी होतो, त्याचा पुन्हा डीसी होतो आणि तो बॅटरीत जमा होतो. म्हणजे प्रकरण पाच टेबलांवरून फिरलं. पाच टेबलांवरून फिरून पूर्ण रक्कम पोचलेली या राज्यात कुणी पाहिली आहे? विचारलं तर उत्तर तयार असतं, 'उष्णता झाली.' झालीच. दोन्ही फोनांना हात लावून बघा, कसे चांगलेच गरम लागतात. मधल्या पाच टक्क्यांनी कुणाची तरी ऊब होतच असते. इथे ती निदान हाताला लागते, रस्त्याच्या कामात तेवढीही लागत नाही. त्याच दोन फोनांत साधी सी-टू-सी केबल लावली तर गळती पुष्कळ कमी होते. पण केबल दिसते, आणि जे दिसतं त्याला आपल्याकडे प्रगती म्हणत नाहीत.

आता आमचं जुनं रडगाणं. ही पाठीला पाठ लावायची वेळ आणली कुणी? पूर्वी फोनचं झाकण नखानं निघायचं. बॅटरी काढली, भावाच्या फोनमध्ये घातली, काम झालं. शंभरातले शंभर टक्के दहा सेकंदांत पोचायचे, मधे एकही टेबल नाही! पानवाल्याकडे 'बारीक पिन आहे का' एवढं विचारलं तरी भागायचं. मग झाकण डिंकानं चिकटवलं. मग पर्यावरणाचा कळवळा आला आणि खोक्यातून चार्जर गेला. किंमत मात्र जागची हलली नाही, पर्यावरणाला तेवढीच चालते म्हणे. बॅटरी आमची, झाकण बंद, चार्जर वेगळा विकत, आणि वर हे आम्हाला शिकवणार की वाटून घ्या! अरे, वाटून घेण्यासारखं होतं तेच तर तुम्ही डिंक लावून बंद केलंत.

एक अक्कल फोनला दिली आहे, ती मान्य करायला हवी. काही फोन स्वतः तीस टक्क्यांवर आले की देणं थांबवतात. भिडेला बळी पडत नाहीत. 'आता बास' म्हणून वेटोळं बंद. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत हे कुणाला जमलं नाही.

म्हणून हल्ली मागणाऱ्याला मी पाठ देत नाही, पॉवर बँक देतो. ती परत मिळते. केबल मिळत नाही.