रोडग्यातला जाणकार

रोडगा कधी उलटायचा, हे जऊळक्याच्या पंचक्रोशीत दोनच माणसांना कळतं. त्यातला दुसरा कोण, ते मला अजून सापडलेलं नाही. अर्थात मी हे स्वतःच्या तोंडाने कधी सांगत नाही. कुणीतरी आपणहून म्हणेल म्हणून आराजवळ घुटमळत असतो. गहू घरात आला, चैत्र लागला आणि कुणाच्या वावरात मारोतीच्या रोडग्यांचा बेत ठरला, की आवतणाची वाट पाहत बसणाऱ्यातला मी नाही. खांद्यावर शेला, हातात लांब काठी आणि कपाळावर आठ्या घेऊन मी हजर. शेला-काठी नसली तरी भागतं, आठ्या मात्र पाहिजेतच. त्यांच्याशिवाय जाणकार कोण आणि नुसता जेवायला आलेला कोण, हे लोकांनी ओळखायचं कसं?

यंदा माझ्या या पदाला धक्का बसला तो थेट ओसाकातून. आमच्या गावाच्या नावामागं बुद्रुक नाही, खुर्द नाही, रेल्वे आहे. जऊळका रेल्वे. अकोला-पूर्णा मार्गावरचं स्टेशन. २००८ साली मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली आणि गावातली पोरं पूर्वीपेक्षा जास्त वेगानं गाव सोडू लागली. त्यातलाच एक माझा पुतण्या. तो पुण्यात थांबेल असं वाटलं होतं, पण गाडीला ब्रेकच लागला नाही.

एप्रिलात त्याचा व्हिडिओ कॉल आला. "काका, हे पाहा," म्हणून त्यानं फोन गरकन फिरवला. चेरी फुललेली, झाडांखाली निळ्या ताडपत्र्या, त्यांच्यावर बूट काढून बसलेली माणसं आणि कडेनं खाण्यापिण्याच्या दुकानांची ओळ. हे वेड तिकडं जुनं आहे. योशिमुने नावाच्या शोगुननं अठराव्या शतकात एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, असुकायामाच्या टेकडीवर चेरीची झाडं लावून घेतली आणि रयतेला त्यांच्याखाली बसून खायला-प्यायला मोकळीक दिली. ओसाकाच्या सरकारी टांकसाळीतली चेरीची वाट १८८३ पासून वसंतात आठवडाभर लोकांसाठी उघडतात. नाणी पाडायच्या ठिकाणी फुलं पाहायला माणसं रांग लावतात! झाडं कोणत्या गावात कधी फुलणार, याचा अंदाज पावसासारखा जाहीर होतो. ऑफिसातल्या सगळ्यात नव्या पोराला सकाळीच ताडपत्री देऊन जागा धरायला पाठवतात, म्हणे.

आमच्याकडे पळस फाल्गुनात अख्खं रान पेटवून मोकळा होतो. त्याचा अंदाज कुणी देत नाही, आणि त्याच्याखाली जरा टेकलं तर जाणारायेणारा विचारतो, "काहून बसले भाऊ? गाडी बंद पडली का?"

पण माझं फुलांकडे लक्ष नव्हतं. माझी नजर एका दुकानातल्या पोरावर खिळली होती. बिडाच्या तव्याला ओळीनं खळगे, थेट आपलं अप्पेपात्र. त्यात पातळ पीठ ओतलेलं, प्रत्येक खळग्यात ऑक्टोपसचा एकेक तुकडा आणि पोराच्या हातात टोकदार सळई. ताकोयाकी म्हणतात त्याला. ओसाकाचंच अपत्य, १९३५ च्या सुमाराचं. तो पोरगा सळईचं टोक कडेला लावायचा, मनगट जरासं वळवायचा, की गोळा खळग्यातल्या खळग्यात फिरून पाठ वर करायचा. पुढचा. त्याच्या पुढचा. बोलणं नाही, थांबणं नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कपाळावर एकही आठी नाही.

"घाई करून राह्यला," मी म्हणालो.

"काका, त्याच्यापुढं रांग आहे."

"रांग तर रेशनच्या दुकानापुढंही असते."

पुतण्यानं आठ गोळे घेतले. वर तपकिरी सॉस, आणि सुकवलेल्या माशाचे कागदाहून पातळ काप वाफेनं हलत होते. सहाशे येन. मी मनातल्या मनात रुपये केले आणि मोठ्यानं म्हणालो, "एवढ्यात इथं चार माणसं तुपानं ओली होतात." ते खरं नव्हतं, तुपाचे भाव मला माहीत आहेत; पण एकदा आवाज चढला की आकडा बदलता येत नाही.

मग मी त्याला रोडगा समजावून सांगितला. जऊळक्यात वाढलेल्या पोराला. कणीक जाडसर दळून आणावी, चक्कीवाल्याला आधी बजावावं, नाहीतर तो सवयीनं पोळीचं पीठ करून देतो. ओवा, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळावी. लहान पोळ्या लाटून, तेल लावून एकीवर एक ठेवाव्यात आणि मोठ्या पोळीत त्यांचं गाठोडं बंद करावं. वरून फुटला की आत राख शिरली. हे सगळं मी एखाद्या शोगुनच्या थाटात सांगत होतो. पुतण्या तोंडात गरम गोळा घेऊन "हं, हं" करत होता. त्याचा अर्थ मी आदर असा घेतला.

पण रोडग्याचा खरा जीव कणकेत नाही, गवरीत आहे. इथं मला जरा थांबू द्या, कारण या विषयावर मला कुणी पुरतं बोलू देत नाही. बायको उठून जाते, मित्रांना फोन येतात. तुम्ही कागदावर सापडला आहात.

गवरी दोन जातीची. एक थापलेली, दुसरी रानगवरी; म्हणजे जनावर चरायला गेलं, जिथं पडलं तिथंच उन्हानं वाळलं, माणसाचा हात लागला नाही अशी. रानगवरी हलकी, भुसभुशीत, चटकन पेटते आणि चटकन संपते. चहाला ठीक. रोडग्याला थापलेलीच पाहिजे. ती आधी धुराचं नाटक करते, डोळ्यांतून पाणी काढते. अडाणी माणूस इथंच घाबरून रॉकेल मागतो. जाणकार वाट पाहतो. धूर पांढऱ्याचा निळसर होतो, मग दिसेनासा होतो, ज्वाळा बसते आणि खाली आर पडतो. जनावराच्या पोटात न पचलेला चाऱ्याचा तंतू असतो ना, तो सावकाश धुमसत राहतो. लाकडाचा निखारा तापट. रोडगा वरून काळा आणि आतून कच्चा करतो. गवरीचा आर आणि वरून घातलेला फुफाटा मात्र चारी बाजूंनी सारखा शेक देतो. ओसाकाच्या पोराकडे शेगडीची कळ होती, फिरवली की आच कमी. त्यानं एकदा फुफाट्यावर हाताचा पंजा धरून आच ओळखून दाखवावी, मग बोलू.

गवरीच्या आत काय असतं हे जनावराच्या खाण्यावर ठरतं, आणि तिथंच सगळं बिनसलं. पूर्वी आमच्याकडे ज्वारी होती, म्हणजे कडबा होता. कडबा खाल्लेल्या बैलाच्या शेणाची गवरी मोडली की आत धागा दिसायचा, ती धरून राहायची. मग वाशीम जिल्हाभर सोयाबीन आलं. ज्वारी गेली, तिच्यामागं कडबा गेला, दावणीत सोयाबीनचं कुटार आलं. पाठोपाठ ट्रॅक्टर आला आणि दावणीतून बैलच गेले. आता रोडग्यांचा बेत ठरला की पहिला प्रश्न गव्हाचा नसतो, वांग्यांचाही नसतो. "गवऱ्या कुठून आणाच्या?" हा असतो. शहरात त्या पाकिटात मिळतात, ऑनलाइन, वर गाईचं चित्र. आमच्या गावातल्या एकानं त्या मागवायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भाव विचारला.

शेवटी दरवर्षी गाडी येऊन थांबते ती मोठ्या आईच्या गोठ्याशी. तिची एकच गाय उरली आहे. गोठ्याच्या मागच्या भिंतीवर अजूनही गवऱ्या थापलेल्या असतात, आणि प्रत्येकीवर पाच बोटं उमटलेली. मधलं बोट जरा वाकडं, विहिरीच्या रहाटात सापडलं होतं ते. पावसाळ्याआधी ती त्या काढून रचून ठेवते, वर तुराट्या आणि ताडपत्री झाकते. मागच्या वर्षी मी तिला विचारलं, "इतक्या कशाले थापतं वं, तुह्या घरी तर गॅस हाये." ती म्हणाली, "तुमच्या रोडग्याले."

तुमच्या. तो शब्द ऐकून मी तिथं बराच वेळ आठ्यांशिवाय उभा होतो.

कारण खरं सांगायचं तर या बेतात पुरुषाचं काम तास-दोन तासांचं असतं. गहू निवडले बायांनी, कणीक तिंबली बायांनी, वांगी चिरली, मसाला वाटला, गवऱ्या वर्षभर थापल्या. आम्ही काय केलं? काठीनं ढकललं. आणि ग्रुपवर फोटो येतो तो आमचा. काठ्या घेतलेले पाच जण, मागं धूर, खाली मजकूर "आमचे बल्लवाचार्य". वर्षाचे बाकीचे दिवस स्वयंपाक करणारीला असं बिरुद देण्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही. एक दिवस काठी धरली की आम्ही आचार्य. नाथमहाराजांच्या भारुडातली सून सासरा, सासू, जाऊ, नवरा असं एकेक करून अख्खं सासर निकालात काढायला भवानीला रोडग्याचाच नवस बोलते. आपण टाळ्या वाजवत ते ऐकतो. तो रोडगा भाजणार कोण होतं, हे कधी मनात आलं का? तीच. सासर गेलं तरी चूल सुटणार नव्हती.

असो. माझा आवाज चढला. पंगतीकडे येऊ.

पहिली पंगत पाहुण्यांची आणि पोरासोरांची, दुसरी गड्यांची. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आता दिसत नाहीत, चंदेरी कागदाच्या येतात. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर आधी रोडगा ठेवावा लागतो, तेवढाच त्यांचा उपयोग. रोडगा फडक्यानं झटकायचा, हातानं फोडायचा, वाफ तोंडावर घ्यायची आणि त्या फुटलेल्या पदरांत तूप सोडायचं. गरम रोडगा तूप पितो. पाहता पाहता वाटी रिकामी. वर वरण, बाजूला तर्रीदार वांगं. ओसाकात म्हणे पैसे दिले की गोळे मिळतात, तू कोण कुठला, कुणी विचारत नाही. आमच्याकडे पैसे घेत नाहीत, पण "कोनाचा रे तू?" विचारल्याशिवाय सोडत नाहीत. उत्तर द्यायला तोंड उघडावं तर पानात दुसरा रोडगा पडलेला असतो.

बायांची पंगत बसली तेव्हा उन्हं कलली होती. तुपाचं भांडं खरवडण्याच्या अवस्थेत. थंड झालेला रोडगा तूप पीत नाही, ते वरच थिजतं. मोठ्या आईनं तिच्या पानातला रोडगा उलटा केला, बुडाकडे पाहिलं, नखानं जरा खरडलं.

"करपला बाप्पा. आर जास्त झाला होता."

आजूबाजूच्या बाया पदरात हसल्या. या वयात डोळे अधू होतात, आणि करपणं आणि खरपूस यातला फरक अधू डोळ्यांना दिसत नाही, हे मी तिला समजावून सांगणार होतो. पण ती म्हणाली, "उभा काहून? वाढ नं." मग मी काठी ठेवली आणि वाढायला लागलो. एका वहिनीनं तर "भाऊजी, डाव सरळ धरा" असंही सुनावलं. वांग्याच्या भाजीचा डाव कसा धरायचा, यावरही माझी काही मतं आहेत. ती मी राखून ठेवली.

त्याच रात्री पुतण्याचा पुन्हा फोन. त्याच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. पुढच्या वसंतात तिथली आपली मंडळी चेरीखाली जमतील, तेव्हा त्याला रोडगे करायचे होते. आजीच्या गवऱ्या पार्सलनं पाठवता येतील का? मी त्याला कायदा सांगितला. २०२१ साली अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बेवारस बॅगेत दोन गवऱ्या सापडल्या होत्या, आणि लाळ-खुरकुताच्या भीतीनं तिथल्या कस्टमवाल्यांनी त्या नष्ट केल्या. जपानवाले काय आरती ओवाळणार आहेत? शिवाय त्या सार्वजनिक बागेत आर पाडू देतील का, धूर झाला तर अग्निशमनवाले येतील का, राख कुठं टाकायची, असे एकेक मुद्दे मी आठ्या घालून मांडत गेलो. पुतण्या हिरमुसला.

मोठी आई खाटेवर बसून हे सगळं ऐकत होती. तिनं हात पुढं केला, मी फोन दिला. नातवाकडे तिनं जरा वेळ पाहिलं, वाळला वगैरे म्हणून झालं. मग तिनं विचारलं, "तिकडं गाई नाईत का रे?"

"आहेत ना आजी. इथून जवळच कोबे म्हणून गाव आहे, तिथलं गोऱ्हं तर जगात नावाजलेलं."

"मंग?" मोठी आई म्हणाली. "थापाले का झालं तुले? हात हायेत नं?"