स्वल्पविरामशास्त्री

इंग्रजी विरामचिन्हांची शुद्धता हे ज्याच्या जीवनाचे अधिष्ठान झालेले असते आणि हाती आलेला कागद जो आधी स्वल्पविरामांसाठी व मग सवड उरल्यास मजकुरासाठी वाचतो, अशा गृहस्थाला प्रस्तुत विवेचनात ‘स्वल्पविरामशास्त्री’ ही संज्ञा दिली आहे. महाराष्ट्रातील शहरांत, विशेषतः निवृत्तिवेतनधारकांची वस्ती दाट असलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत, हा वर्ग हमखास आढळतो. त्यातील बहुतेकांची हयात सरकारी कचेरीत, बँकेत किंवा विमा कंपनीत इंग्रजी पत्रांचे मसुदे तपासण्यात गेलेली असते, आणि निरोप समारंभाच्या दिवशी कचेरीने कपाटाच्या किल्ल्या परत घेतल्या तरी तांबडे पेन परत घेण्याचे तिला सुचलेले नसते.

त्याच्या विद्येचे मूळ रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात असते. या ग्रंथाच्या दोन कर्त्यांपैकी पी. सी. रेन हे ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि १९२४ साली फ्रेंच परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ ही साहसी कादंबरी लिहून त्यांनी मोठी लोकप्रियता मिळवली. परंतु ही माहिती शास्त्र्याला सांगितली असता तो ती मानत नाही, कारण व्याकरणकर्त्याने कादंबरी लिहावी हे त्याला संन्याशाने तमाशाचा फड काढण्यासारखे वाटते.

शास्त्र्याच्या अभ्यासाचा गाभा क्रमदर्शक शब्दांत आहे. मुद्दे किंवा कृती कोणत्या अनुक्रमाने येतात हे वाचकाला कळावे म्हणून इंग्रजी वाक्याच्या आरंभी ‘फर्स्ट’, ‘सेकंड’, ‘नेक्स्ट’, ‘फायनली’ असे जे शब्द योजतात ते क्रमदर्शक होत, आणि असा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला की त्याच्यापुढे सामान्यतः स्वल्पविराम देतात. ‘देन’ हा त्यांतला हट्टी सभासद: तो आखूड असून लगेच पुढच्या शब्दांत मिसळतो, म्हणून त्याच्यापुढे स्वल्पविराम सहसा देत नाहीत, शिवाय तो उभयान्वयी अव्यय नसून क्रियाविशेषण असल्यामुळे दोन पूर्ण वाक्ये जोडण्याचे बळ त्याच्या अंगी नसते, आणि अशा ठिकाणी नुसत्या स्वल्पविरामावर भागत नाही, तर ‘अँड देन’ तरी लिहावे लागते किंवा अर्धविराम तरी द्यावा लागतो. हा नियम शेजारच्या सातवीतल्या मुलाने सहलीवरील निबंधात मोडला, तर सहल कोठे गेली होती, तेथे काय दिसले आणि मुलाला आनंद झाला की नाही, यांपैकी कशाचीही चौकशी न करता शास्त्री त्या निबंधावर इतकी तांबडी वर्तुळे काढतो की मूळ निळी शाई अल्पसंख्य होते.

तथापि त्याचे म्हणणे दर वेळी क्षुल्लक असते असे समजणे अन्यायाचे होईल. ‘लास्टली’ आणि ‘ॲट लास्ट’ हे दोन प्रयोग वरकरणी सारखे भासतात. परंतु पहिला यादीतला अखेरचा मुद्दा सांगतो, तर दुसरा बराच काळ वाट पाहिल्यानंतर एकदाची घडलेली गोष्ट दाखवतो. एखाद्या सभासदाच्या वडिलांच्या निधनाचे इंग्रजी निवेदन सूचनाफलकावर लावताना दीर्घ आजार, उपचार आणि रुग्णालय यांचा क्रमवार उल्लेख करून अखेरीस ‘ॲट लास्ट’ ते निवर्तले असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा सारे कुटुंब त्या क्षणाकडे डोळे लावून बसले होते असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ इमारतीत एकट्या शास्त्र्यालाच कळलेला असतो. त्याने ही चूक वेळीच दुरुस्त केली तर त्याचे उपकार मानावयास हवेत. दुर्दैव इतकेच की ती चूक तो भेटायला आलेल्या नातेवाइकांदेखत समजावून सांगतो.

त्याच्या कार्यपद्धतीचे पूर्ण दर्शन पाण्याच्या टाकीच्या साफसफाईच्या सूचनेत घडते. आधी टाकी रिकामी होईल, मग ती धुतली जाईल आणि शेवटी पाणी सोडले जाईल, एवढाच मजकूर असलेला कागद सचिव घाईघाईने त्याच्या दारी नेतो. शास्त्री पहिल्या वाचनात ‘फर्स्ट’ आणि ‘सेकंडली’ यांचा विजोड संसार मोडून दोघांना एका रूपात आणतो, दुसऱ्या वाचनात ‘देन’पुढचा स्वल्पविराम काढतो आणि तिसऱ्या वाचनात ‘फायनली’पुढे तो मागाहून बसवतो, आणि या काळात जिन्यावरून रिकाम्या बादल्या घेऊन जाणाऱ्या सुना ‘काका, पाणी कधी येणार तेवढं सांगा ना!’ असे विचारीत असल्या, तरी अशुद्ध मसुद्याच्या आधारे काही सांगणे त्याच्या शिस्तीत बसत नाही. यथावकाश निर्दोष झालेली सूचना फलकावर लागते तेव्हा टाकी धुऊन झालेली असते. आणि मग असेही आढळते की तीत तारीख घालायची सर्वांकडून, शास्त्र्यासकट, राहून गेली आहे.

ज्या नियमांवर त्याची एवढी निष्ठा असते त्यांबाबत खुद्द इंग्रजी जाणकारांत एकमत नाही, ही त्याच्या आयुष्यातील मोठी शोकांतिका होय. यादीचा आरंभ ‘फर्स्टली’ने न करता ‘फर्स्ट’नेच करावा असा आग्रह जुना आहे, परंतु एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात तो निरुपद्रवी पंडिती खोडींत जमा केला. यादीतील शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’पूर्वी जो स्वल्पविराम देतात त्याला, ऑक्सफर्डच्या विद्यापीठीय मुद्रणालयाने तो पाळल्यामुळे, ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, ब्रिटनमधील बहुतेक वृत्तपत्रे मात्र एरवी त्याच्यावाचून चालवतात. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी हा स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे मालाचे वितरण हे स्वतंत्र काम धरायचे की केवळ वितरणासाठी करायची बांधाबांध तेवढीच वगळायची, असा वाद उपस्थित झाला. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांच्या बाजूने अपील न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण ५० लाख डॉलरांवर मिटले. हा खटला शास्त्र्याला मुखोद्गत असतो आणि तडजोडीची रक्कम तो आपल्याच खात्यात जमा झाल्याच्या समाधानाने उच्चारतो. परंतु त्या राज्याच्या मसुदालेखनाच्या नियमपुस्तिकेतच हा स्वल्पविराम देऊ नये असे सांगितलेले होते, म्हणजे घोटाळा झाला तो नियम पाळल्यामुळे, ही त्याच कथेची उत्तरार्धातील बाब तो गाळतो.

शास्त्र आणि आचरण यांतील अंतर त्याच्या ठायी दोन प्रसंगी दिसते. मराठीत विरामचिन्हे रुजविण्यासाठी मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली स्वतंत्र पुस्तक लिहिले असूनही, शास्त्री गावाकडच्या भावाला जे मराठी पत्र लिहितो ते ‘सा. न. वि. वि.’नंतर सहीपर्यंत कोठेही श्वास घेत नाही. दुसरा प्रसंग वार्षिक सर्वसाधारण सभेचा: तेथे तो ‘फर्स्टली’ म्हणून उभा राहतो, वाहनतळाच्या मुद्द्यावरून आपल्या कचेरीतील एका अविस्मरणीय फायलीकडे वळतो, आणि ‘सेकंडली’ची वाट पाहत बसलेले सभासद चहाकडे निघाले की ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ असे जाहीर करून आणखी तीन मुद्दे मांडतो.

क्रमदर्शक शब्द लिहिणे म्हणजे आपल्या विचाराला काही क्रम आहे अशी ग्वाही देणे होय. शास्त्री त्या क्रमाची नव्हे, केवळ ग्वाहीवरच्या शिक्क्याची तपासणी करतो, हे खरे. परंतु ही तपासणी होणार या धास्तीने सचिवाला प्रथम काय सांगायचे आणि नंतर काय, याचा कागद दाराबाहेर नेण्यापूर्वी विचार करावा लागतो, आणि फलकावरची प्रत्येक सूचना अखेरच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारा निदान एक सभासद संस्थेला लाभतो. म्हणून कार्यकारिणीने त्याचा सल्ला अवश्य घ्यावा. फक्त मसुदा त्याच्या हाती देण्यापूर्वी पाणी भरून ठेवण्यास सर्वांना तोंडी सांगावे.