दप्तरदार

ज्याने हिंजवडीच्या एखाद्या काचेच्या कचेरीत चार पावसाळे काढले आहेत, त्याला दप्तरदार ठाऊक नाहीत असे होणे नाही. खरे आडनाव निराळे. ते मी मुद्दाम लिहीत नाही. पण बदलाच्या मागण्या नोंदवण्याचे जे दप्तर हल्ली प्रत्येक सॉफ्टवेअर कचेरीत असते, त्यावर या गृहस्थांनी अशी वतनदारी बसवली होती की, त्यांच्या शेऱ्यावाचून एकही टिकेट निकाली निघत नसे.

1998 साली मोझिलाच्या मंडळींनी बगझिला नामक दप्तर उघडले, तेव्हा निकालाचे शेरे मोजकेच होते: दुरुस्त केले, ग्राह्य नाही, करणार नाही, माझ्याकडे तर चालते, डुप्लिकेट वगैरे. पुढे 2002 साली जिरा आले (गॉडझिलाच्या जपानी नावाचे ते शेपूट), दप्तर पालटले, पण शेऱ्यांचा वंश तोच राहिला. विवेकी माणूस प्रसंग पाहून शेरा निवडतो. दप्तरदारांचे एकाच शेऱ्यावर एकपत्नीव्रत होते.

एकदा पावतीच्या छपाईत उजवा समास कापला जातो अशी तक्रार, चित्रे, पायऱ्या आणि ब्राउझरच्या आवृत्तीसह, रात्री अकरापर्यंत बसून मी साद्यंत नोंदवली. तिसऱ्या मिनिटाला शेरा आला: ‘डुप्लिकेट. 4127 पाहा.’ 4127 पाहिले, तर तिथे ‘2980 पाहा’. 2980 वर ‘1544 पाहा’. आणि जुन्या वाड्याच्या अंधाऱ्या जिन्यावरून तळघराकडे उतरणाऱ्या माणसासारखा मी मध्येच धीर सोडून परत फिरलो. कँटीनचा चहा गार आहे असे कुणी म्हणाले की हे म्हणत, “सोमवारचेच आहे हे.” नव्या साहेबांनी नवे धोरण जाहीर केले, त्या भर सभेत मागल्या रांगेतून साल ऐकू आले: “2009!” एका तरुणाचे ठरलेले लग्न मोडले, तो डोळे पुसत यांच्यापाशी गेला, तर चष्मा कपाळावर सारून हे म्हणाले, “अरे, हे आधी येऊन गेलेले आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या टेस्टरला भेट.” तो खरोखरच भेटला, आणि पुढे कित्येक महिने ती दोघे डबा एकत्र खात. याचे श्रेय दप्तरदारांना द्यावे लागते, हे मला फारसे रुचत नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात, काहीसे सूडबुद्धीने, मी तो जिना तळापर्यंत उतरलो. खाली 316 होते, नोंदवणारे खुद्द दप्तरदार. छापील पावतीत मराठीतला अर्धा ‘ऱ’ मोडतो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे सह्याद्रीचा अरबी समुद्र होतो, एवढीच कैफियत. सोबत, युनिकोडात ‘ऱ’ला हलन्त जोडून हा आकार साधण्याची तजवीज आहे, असा नम्र खुलासा. त्याखाली वरिष्ठांचा शेरा होता: ‘मराठी पावत्या घेणारे ग्राहक थोडे. पुढे पाहू.’ आणि त्याखाली, एकाखाली एक, आमची सर्वांची टिकेटे. हा मनुष्य इतकी वर्षे आमच्या तक्रारी बुडवीत नव्हता. एका अर्जावर सह्या गोळा करीत होता! माझ्या समासाचा त्या ‘ऱ’शी काडीचा संबंध नव्हता हे खरे, पण सह्यांची मोहीम चालवणाऱ्याने सही कोणाची ते पाहिल्याचे कोणत्या चळवळीत घडले आहे?

निरोपाच्या दिवशी मानपत्र आमच्याच सॉफ्टवेअरमधून छापून निघाले. त्यांच्या आडनावात तो ‘ऱ’ आहे. तो मोडला होता. पगाराच्या पत्रकावरही तो दरमहा असाच मोडत आला असणार, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. त्यांनी काही न बोलता खिशातले शाईचे पेन काढले, अर्ध्या ‘ऱ’ची छोटी आडवी दांडी सफाईने ओढली आणि टाळ्या थांबेपर्यंत कागदावर फुंकर घालीत राहिले.

मी जागेवर जाऊन टिकेट नोंदवले. त्यांचे खाते सहाला बंद व्हायचे होते. पाच वाजून बावन्न मिनिटांनी शेरा आला: ‘डुप्लिकेट. 316 पाहा.’