एक्सलला कैची

पन्नाशीनंतर माणसाला एकतर अध्यात्म लागतं, नाहीतर जुनी जीप. कोल्हापुरात जीप लागायचीच शक्यता जास्त. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी आणि पावसाळ्यात हवा तेवढा चिखल. गावात उद्यमनगर, जिथं एक नट आणायला गेलेला माणूस अख्खं इंजिन ठरवून परत येतो. माझी एमएम 540 आहे. पुढं-मागं अखंड एक्सल, त्यावर पाटे आणि पाट्यांना जे झेपत नाही ते सगळं मालकाच्या मणक्यावर.

अशा गाडीला मोठे टायर चढवले की मागचा एक्सल आधी नाराज होतो. मधे ओतीव गोळा, त्याच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवलेल्या नळ्या, एवढाच त्याचा संसार. चाक खड्ड्यात आदळलं की नळीची टोकं जराशी वर उचलली जातात. मग टायर आतून झिजतात, ऑइल सील पाझरतं आणि भेटेल तो विचारतो, "चाकं अशी काय फेंगडी?" यावर उपाय म्हणजे नळीच्या पाठीवर पोलादी पट्ट्यांची कैची वेल्ड करणं, पत्र्याच्या छपराखाली असते तशी. यातलं गणित मला फार आवडतं. पट्टी उभी धरून तिची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. जेवताना मी हे घरात सांगितलं. "आठपट ताठपणा घरात आधीपासून आहे," एवढं बोलून बायकोनं आमटी वाढली.

कैची मी स्वतः वेल्ड करणार, हे गाडीच्या मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते तंबाखू मळत होते. मळणं थांबलं नाही.

"करा की. पर एक्सलवर न्हाई. त्यो भंगाराचा ढीग दिसतोय न्हवं, त्येच्यावर करा. ढीग संपला की या."

वेल्डिंगमध्ये नवख्याला पहिला धक्का बसतो तो काचेचा. ठिणगी पडेपर्यंत त्या काळ्या काचेतून काहीही दिसत नाही आणि ठिणगी पडली की तिच्याशिवाय काहीही दिसत नाही. दुसरा छळ करंटचा. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला साधारण 110 ते 120 अँपिअर लागतो. कमी ठेवला तर रॉड पट्टीला चिकटून लाल होतो, जास्त ठेवला तर पातळ पट्टीला भोक. भाजणीच्या चकलीत मोहन चुकलं की जे होतं तेच. एकतर दगड, नाहीतर तेलात विरघळून गायब. फरक एवढाच, की बिघडलेली चकली पाहुण्यांना खपवता येते.

प्रेक्षक मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात. रस्त्यानं जाणारा कुणीही सायकल लावून उभा राहतो, कपाळावर हात धरून उघड्या डोळ्यांनी थेट ठिणगीकडं बघतो आणि "इथं भराव कमी पडलाय" असं सांगून जातो. मग मध्यरात्री अतिनील किरणांचा हिशेब चुकता होतो. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन तो उठून बसतो. फुकट सल्ल्यावर निसर्गानं बसवलेला हा एकमेव कर असावा.

ढीग संपला. एक्सल गाडीखालून निघाला. तेल काढलं, शाफ्ट ओढले, सील आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला ठेवल्या. रंग आणि वर्षानुवर्षांचं चिकट काळं ग्राइंडरनं घासून पोलाद चकाकेपर्यंत काढलं. हौशी माणसाचा हात इथं स्प्रेच्या डब्याकडं जातो. पण क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरच्या ओलाव्यावर आर्क पेटवली तर फॉसजीन तयार होऊ शकतो, जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला. आम्ही तारेचा ब्रश वापरला. कंटाळवाणा, पण निरुपद्रवी.

रॉडनं वेगळीच पंचाईत केली. जोरकस जोडाला 7018 नंबरचा रॉड हवा आणि तो सुकाच हवा. त्यात ओल राहिली तर हायड्रोजन जोडात शिरतो आणि सगळे हातपाय धुऊन घरी गेल्यावर आत तडा जातो. ओल शिरलेला रॉड तीनशे अंशांच्या वर तापवून सुकवायचा. आमच्या ओटीजीचा काटा अडीचशेला थांबतो, हे बायकोनं मी तोंड उघडण्याआधीच सांगून टाकलं.

आता खरी मेख. वेल्ड गार होताना आक्रसतो. नळीच्या पाठीवर सलग टाका ओढला, की तो आक्रसताना टोकं वर खेचतो. म्हणजे नळी वाकू नये म्हणून जे करायचं त्यानंच ती वाकते आणि वाकते तीही नेमकी त्याच दिशेला! म्हणून इंचभर इकडं, इंचभर पार तिकडच्या टोकाला आणि मग चहा. "गार हू द्या," हे मिस्त्रींचं पालुपद. मधूनच ते नळीच्या कडेनं दोरा ताणून एक डोळा मिटून बघत. दिवसभरात आर्क पेटली त्यापेक्षा स्टोव्ह जास्त पेटला. मी घाई करू लागलो की मला 'स्केनेक्टडी' आठवे. अमेरिकेतलं हे वेल्ड केलेलं नवंकोरं तेलवाहू जहाज 1943 च्या जानेवारीत पोर्टलंडच्या धक्क्याला नुसतं उभं असताना मधोमध मोडलं. मिस्त्रींना ही गोष्ट सांगितली. "चहा घेतला नसंल त्येंनी," ते म्हणाले.

कैची मधल्या ओतीव गोळ्याला जोडायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडं ठेवलं. ओतीव आधी गॅसच्या ज्योतीनं तापवायचं, निकेलचा महागडा रॉड वापरायचा आणि नंतर राखेत पुरून हळूहळू निवू द्यायचं. त्यात माझ्याकडं राखेचं खातं होतं.

शेवटी दोरा लागला, टोकं सरळ निघाली. मिस्त्रींनी कैचीवर हातोडीचा एक ठोका मारला, आवाज ऐकला आणि प्रसन्न झाले.

"आता एक्सल वाकायचा न्हाई, मालक. आता थेट शाफ्टच तुटणार."

"मग?"

"मग काय, शाफ्टचं दुकान पलीकडच्या गल्लीत हाय की. मेव्हणा हाय आपला. माझं नाव सांगा."