चौघांनी मिळून भुताची चौकशी कशी करावी

राजापूरची गंगा उन्हाळे गावाजवळ आपल्या मर्जीने प्रकट होते, चौदा कुंडे भरते आणि एके दिवशी कोणाचीही परवानगी न घेता निघून जाते. का आलीस आणि का गेलीस, असा जाब तिला आजवर कोणी विचारलेला नाही. अदृश्याशी व्यवहार करण्याच्या या नेमस्त रीतीत वाढलेल्या तरुणाने ‘फॅस्मोफोबिया’ हा संगणकावरचा खेळ हाती घेतला की त्याची पहिली पंचाईत होते ती येथेच, कारण या खेळात भुताला नारळ देऊन वाटेला लावायचे नसून, त्याचा रीतसर पंचनामा करून, ते कोणत्या वर्गातले आहे हे पुराव्यानिशी दप्तरी नमूद करायचे असते. कायनेटिक गेम्स या ब्रिटिश कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ जास्तीत जास्त चौघांनी मिळून खेळावयाचा आहे. प्रस्तुत सूचना राजापूर तालुक्यातील होतकरू पंचांसाठी असून शेजारच्या तालुक्यांनी त्या आपापल्या जबाबदारीवर वाचाव्यात.

प्रथम पंचांची नेमणूक. चौघांपैकी एक राजापुरात, एक डोंबिवलीस, एक पुण्यास आणि चौथा मस्कतला असला तरी हरकत नाही, कारण घटनास्थळी सर्वांना एकाच ट्रकमधून नेण्यात येते. मात्र नेमणूक नात्याच्या मानाने करू नये. दादा वडील म्हणून त्याला पुढे घालण्याचा प्रघात लग्नकार्यात शोभतो; येथे ज्याचा कंठ सर्वांत मोठा, त्याला ट्रकमध्ये बसवणे श्रेयस्कर. ट्रकमध्ये बसणे हा कामचुकारपणा नव्हे. तेथे कॅमेऱ्यांवरून घराच्या खोल्या दिसतात आणि चौघांच्या मनःस्थैर्याची टक्केवारी पडद्यावर उमटत असते; अंधारात हे मनःस्थैर्य झिजत जाते, आणि त्याची सरासरी पन्नासाच्या खाली आली की बहुतेक भुतांना शिकारीची मुभा मिळते. म्हणून ट्रकवाल्याने तो आकडा वॉकीटॉकीवरून वेळोवेळी कळवावा, आणि आकडा कळवून झाल्यावर त्यावर भाष्य करू नये. भाष्य न करणे आपल्याकडे किती जड जाते, हे ज्याने ग्रामपंचायतीची सभा पाहिली आहे त्यास सांगणे नलगे.

पुरावे सात प्रकारचे ग्राह्य आहेत: ईएमएफ यंत्राने पाचवी पायरी गाठणे, अतिनील प्रकाशात बोटांचे ठसे दिसणे, कोऱ्या वहीत भुताने काही खरडणे, खोलीचे तापमान शून्याखाली उतरणे, डॉट्स यंत्राच्या हिरव्या ठिपक्यांतून आकृती सरकणे, कॅमेऱ्यात तरंगता प्रकाशकण आढळणे आणि स्पिरिट बॉक्समधून तोंडी जबाब मिळणे. सामान्यतः यांपैकी तिहींची रुजुवात झाली की वर्ग निश्चित होतो. दुसऱ्याच पुराव्यावर निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह पारावर बसणाऱ्यांना अनावर असतो, तो कटाक्षाने टाळावा. थंडीच्या बाबतीत तर स्वतःच्या अनुभवावर मुळीच विसंबू नये. डिसेंबरातल्या पहाटे मफलर गुंडाळणाऱ्या मनुष्याला शून्य अंश ही केवळ ऐकीव बाब असल्याने त्याने थर्मामीटरच प्रमाण मानावे.

तोंडी जबाब हा प्रकार विशेष नाजूक आहे. खोलीतला दिवा मालवून ‘व्हेअर आर यू’, ‘हाऊ ओल्ड आर यू’ असे ठराविक प्रश्न माइकमध्ये खरोखरच उच्चारावे लागतात, आणि यंत्र ते ऐकते. इंग्रजीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ज्या गावात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, आणि पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केल्याबद्दल १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या वखारवाल्यांना कैद करून घेतले, त्या गावाला इंग्रजी बोलणाऱ्याची चौकशी नवीन नाही. खरी अडचण निराळीच आहे. काही भुते खोलीत एकटा पंच असल्यावाचून तोंड उघडत नाहीत, आणि रात्री परसात जायचे तरी सोबत मागणाऱ्या आपल्या लोकांना ही अट जाचक वाटते. तेव्हा आळीपाळीने कोणी आत जायचे ते आधीच ठरवावे. दारात उभे राहून ‘तू हो पुढे, मी आलोच’ हा संवाद चालू ठेवल्यास भूत जबाब देत नाही आणि मनःस्थैर्य मात्र घसरत राहते.

शिकार सुरू झाली की विजेऱ्या लुकलुकू लागतात आणि घराचे दार बंद होते. अशा वेळी कपाटात शिरावे, हातातली उपकरणे बंद करावीत आणि अजिबात बोलू नये, कारण या खेळातील भुताला पंचांचे माइकवरचे बोलणे ऐकू येते. हा खेळाचा सर्वोत्तम गुण आहे असे आमचे स्पष्ट मत असून राजापूरकरांचा सर्वाधिक घातही त्यानेच होतो. कल्पना करावी: पडवीच्या पत्र्यावर आषाढाचा पाऊस कोसळतो आहे, आपण माजघरात श्वास रोखून बसला आहात, पडद्यावर भुताची पावले कपाटाकडे न वळता पुढे जात आहेत, आणि इतक्यात स्वयंपाकघरातून आजीची हाक येते, “अरे, पानं घेतली, निवतंय सगळं!” पावले थांबतात. ती परत येतात. सबब माइकची कळ दाबल्यावाचून आवाज जाणार नाही अशी तजवीज करावी, आणि ते न जमल्यास जेवून घेऊन मगच बसावे. मृत झालेल्या पंचाचा आवाज पुढे फक्त मृतांनाच ऐकू येतो. जिवंतांच्या चुका दिसत असून सांगता येत नाहीत, आणि फार झाले तर तो एखादी वस्तू फेकून निषेध नोंदवू शकतो.

खेळातल्या घराचा मेन स्विच भूत पाडू शकते, हे नवशिक्यांना विलक्षण वाटते; आपल्याला वाटू नये. मात्र राजापुरातली खरी वीज गेल्यास आपली आकृती खेळातून नाहीशी होते आणि सोबती पुढची दहा मिनिटे आपल्याला खोल्याखोल्यांतून हाका मारीत हिंडतात. इन्व्हर्टर नसलेल्या पंचाने ही शक्यता आरंभीच जाहीर करावी. खेळातल्या उईजा बोर्डाला, म्हणजे आपल्या प्लँचेटला, उगाच हात लावू नये, कारण प्रत्येक प्रश्नागणिक ते मनःस्थैर्य वसूल करते.

साहित्यात मीठ आणि धुरी आहे हे पाहून घरातील वडीलधाऱ्यांस समाधान वाटेल. पण येथे मीठ दृष्ट काढण्यासाठी नाही: ते जमिनीवर टाकायचे, भूत त्यावरून गेले की पाऊल उमटते, आणि ‘रेथ’ वर्गाचे भूत त्यावर पाय देत नाही. धुरीने शिकारी भूत काही काळ आंधळे होते. जिन, बॅन्शी, ओनी, युरेई, हंतू अशी देशोदेशींची मंडळी या खेळात भरती झाली आहेत. मुंजा, गिऱ्हा, झोटिंग आणि लावसट यांची मात्र कोठेही नोंद नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील शाळामास्तरांनी पाठवलेल्या माहितीवरून, जॅक्सनसाहेबांच्या टिपणांच्या आधारे, एन्थोव्हेनसाहेबांनी कोकणच्या लोकसमजुतींचे पुस्तक १९१५ सालीच सिद्ध करून ठेवले आहे आणि त्यात कोकणातल्या भुतांची वर्गवारी आयती मिळते. कंपनीने ते मागवून वाचावे, आणि तूर्त निदान मुंज्याला तरी पिंपळासह दाखल करून घ्यावे, अशी या तालुक्यातर्फे विनंती आहे.