प्रायमर मारलेलं घर

विचुंब्यात जुन्या घराचं काय करायचं, हे कुणी कुणाला विचारत नाही. बिल्डरला द्यायचं. नवीन पनवेल हाकेच्या अंतरावर, २०१३ पासून डोक्यावर सिडकोचं ‘नैना’ नावाचं नियोजित शहर, त्यात २०२५च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. गुंठ्याचा भाव आता पानटपरीवर न विचारता सांगितला जातो. घर पाडायचं, चार मजले चढवायचे, दोन फ्लॅट आणि रस्त्याकडेचा गाळा आपल्याला, उरलेल्या पैशात गाडी. असा सरळ मार्ग समोर असताना मी जाहीर केलं, की घर आहे तेच ठेवायचं आणि आतून ‘वॉर्म मिनिमलिस्ट’ करायचं. थोरल्या काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग बाबांना मागच्या पडवीत नेऊन विचारलं, “नोकरी गेली का याची?”

घर म्हणजे काही चौसोपी वाडा नव्हे. आजोबांच्या वेळी ते कौलारू होतं. बासेल मिशनने १८६५ साली मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या धाटणीच्या कौलांनी पुढे अख्खं कोकण झाकलं, त्यात आम्हीही झाकले गेलो. ओटी, मधलं घर, मागे पडवी, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीत एक देवळी, कपडे टांगायला खुंट्या. सामान म्हणावं असं काही नव्हतंच. मग बाबा रसायनीला एचओसी या केमिकल कंपनीत लागले आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी कौलं उतरवून स्लॅब टाकला. पगारदार माणसाने घर मोकळं ठेवणं म्हणजे पगाराचा अपमान, असा त्यांच्या पिढीचा समज. खाली मोझॅकच्या लाद्या आल्या, खिडक्यांना कमळाचं ग्रील आलं, आणि हॉलच्या एका भिंतीभर सनमायकाची शोकेस आली.

त्या शोकेसमध्ये शिंपल्यांचा ताजमहाल होता, अष्टविनायकाचं घड्याळ होतं, कंपनीने दिलेला आणि अजून खोक्यातून न काढलेला थर्मास होता. शिवाय माझ्या धाकट्या भावाने टेनिस बॉलच्या सामन्यांत मिळवलेल्या ट्रॉफ्या. आमच्या पट्ट्यात ट्रॉफीची उंची खेळावर नव्हे, आयोजकाला कुठल्या निवडणुकीला उभं राहायचंय त्यावर ठरते. एका उपविजेत्या ट्रॉफीसाठी तर शोकेसची मधली फळी कापावी लागली होती.

मला ही दुर्बुद्धी बेलापूरच्या ऑफिसातून लोकलने येता-जाता सुचली. मोबाईलवर एकामागून एक घरं दिसायची: मातकट भिंत, तिच्यासमोर लाकडी बाक, बाकावर एक मडकं, मडक्यात एक वाळकी काटकी. त्या घरांत कुणाला मुलं नव्हती, नातेवाईक नव्हते, चार्जर तर कुठेच नव्हता. मी अभ्यासाला लागलो. व्हिएन्नाच्या ॲडॉल्फ लूस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नक्षीकाम आणि गुन्हा यांची सांगड घालून ठेवली आहे. त्या हिशेबाने आमची शोकेस जन्मठेपेला पात्र होती. मग जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाचा ‘इन प्रेज ऑफ शॅडोज’ हा १९३३ सालचा निबंध हाती लागला. सावली, मंद उजेड, जुनं लाकूड यांची त्यात आरती आहे, आणि घर बांधताना विजेच्या वायरी नि नळ लपवता लपवता गृहस्थ कसे जेरीला आले, तेही अगदी सुरुवातीलाच आहे. मी आरतीखाली पेन्सिलीने रेघा मारल्या, वायरी सोडून दिल्या. पुढे याच तानिझाकींनी नवं घर बांधायला काढलं, तेव्हा आर्किटेक्ट म्हणाला, तुमचा निबंध वाचलाय, तुम्हाला कसं घर हवं ते मला नेमकं ठाऊक आहे. तानिझाकी म्हणाले, छे, तसल्या घरात मला राहताच यायचं नाही. त्यांच्या पत्नीने सांगितलेली ही हकीकत इंग्रजी भाषांतराच्या शेवटी दिलेली आहे. मी शेवटापर्यंत पोचलो ते डिझायनरचा शेवटचा चेक वटल्यावर.

डिझायनर खारघरची, तरुण आणि फार गोड बोलणारी. ती हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आधी घराला श्वास घेऊ द्या.” आईने लगबगीने जाऊन खिडकी उघडली.

पहिला बळी लाद्यांचा. खरं म्हणजे मोझॅक आणि आमचा जिल्हा यांचं नातं जुनं. विलायती लाद्यांना स्वदेशी उत्तर म्हणून फेरोझशा सिधवा यांनी १९२२ साली भारत टाइल्स सुरू केली, ती इथे उरणलाच. आमच्या लाद्या काही त्या खानदानातल्या नव्हत्या, पनवेलच्या कुठल्याशा वखारीतल्या होत्या. पण चाळीसेक वर्षं पायाखाली मुकाट पडून होत्या. त्या पोकळ वाजतात असं निदान झालं, उखडून तुकडे परसात ओतले गेले आणि वर बदामी रंगाचं मायक्रोसिमेंट फिरलं. शेवटच्या बिलात ‘टेराझो साइड टेबल’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. मग त्यांनी ते टेबल उलटं केलं, नखाने खरवडलं, परसात जाऊन लादीचा एक तुकडा आणला आणि टेबलाला लावून धरला. पांढऱ्यात काळे-तांबूस खडे, इकडेही तेच आणि तिकडेही तेच. म्हणाले, “बाकीचा माल घेतो का विचार त्या टेबलवाल्याला. टेम्पोभर हाय.”

भिंतींना रंग लागला आणि गावाची वर्दळ सुरू झाली. कार्डावर रंगाचं नाव ‘ओट’ असं होतं. दूधवाल्यापासून जो तो आत डोकावून म्हणायचा, “प्रायमर झकास बसलाय. रंग कधी?” सुरुवातीला मी समजावून सांगायचो, की नजरेला विसावा वगैरे. नंतर नुसतं ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणू लागलो. पेणहून आत्या आली, तिने सगळं घर फिरून पाहिलं, काही बोलली नाही. निघताना मात्र मला कोपऱ्यात घेऊन तिने माझ्या मुठीत पाचशेच्या चार नोटा कोंबल्या. “रंगाला कमी पडले असतील तर घे. तुझ्या सासऱ्यांना नको सांगू आणि परतही नको देऊ.” त्यांच्यापर्यंतही माझ्या दैन्याची बातमी पोचू नये, एवढी तिला काळजी.

हॉलची मोठी भिंत मात्र रंगाची नव्हे, चुन्याच्या गिलाव्याची. चुन्याचं शास्त्र सुरेख आहे. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, भिंतीला लावायची. मग ती हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश ओढून घेत पुन्हा दगड होत जाते. आपले किल्ले असे उभे आहेत. गवंडी म्हणाला, “साहेब, मे संपत आला. आता चुना नको, सुकणार नाय.” डिझायनर म्हणाली, “सुकताना जे घडतं तीच तर ब्यूटी.” मी ब्यूटीच्या बाजूने मत दिलं. जूनमध्ये प्रबळगड ढगात गेला, जुलैत गाढी दुथडी भरली आणि आमच्या भिंतीवर एक तपकिरी डाग उमटला. त्याला हळूहळू हातपाय फुटले, खालून हिरवट बुरशीची किनार आली. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, “सो नाइस! पॅटिना येतोय, सर.” काकांनी तोच डाग पाहिला आणि म्हणाले, “गच्चीचं पन्हाळ तुंबलंय.” काठी घालून ढोसलं तेव्हा पिंपळाचं एक रोप आणि भावाचा टेनिस बॉल बाहेर आला. पॅटिना यायचा थांबला.

खरी लढाई झाली ती स्वयंपाकघरात. आईच्या मांडणीवर हंडे, कळश्या, टोप, डबे उतरत्या उंचीने उभे, चिंचेने घासलेले. डिझायनरच्या लेखी हा ‘व्हिज्युअल नॉइज’. आईने एक डबा खाली काढून माझ्यासमोर धरला. झाकणावर यंत्राने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती: कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, खाली गाव आणि तारीख. घासून घासून ‘स्मरणार्थ’वरचा रफार उडाला होता. “ही बाबांची मोठी काकी. हिला कुठं ठेवू सांग.” तिच्यामागे आहेरातल्या कळश्या. त्यांच्यावर देणाऱ्याचं नाव असतं, त्यामुळे एकाचा आहेर दुसऱ्याच्या गळ्यात मारायची सोयच नाही. मांडणीवर निम्म्या पनवेल तालुक्याची वंशावळ उभी होती आणि मी तिला आवाज म्हणत होतो.

तोड निघाली. हॉलमध्ये जमिनीपासून छतापर्यंत हँडल नसलेली कपाटं. मिटलेली असली की नुसती भिंत. हाताने दाबलं की टक्कन उघडतात. ताजमहाल, थर्मास, ट्रॉफ्या, कैलासवासी आणि हयात असे सगळे आत गेले. म्हणजे जिथे शोकेस होती तिथेच, तेवढ्याच लांबीची शोकेस झाली. फक्त काचा गेल्या आणि खर्च तिप्पट आला.

सोफा जपानी धर्तीचा, जमिनीपासून वीतभर वर. बाबा पहिल्या दिवशी कौतुकाने त्यावर बसले ते बसलेच. उठवायला मी आणि भाऊ, असे दोघे लागलो. दुसऱ्या दिवशी हॉलच्या मध्यभागी लाल प्लास्टिकची खुर्ची आली, पाठीवर पांढऱ्या रंगात मित्रमंडळाचं नाव लिहिलेली. मी ती उचलून पडवीत ठेवायचो, बाबा आणून पुन्हा तिथेच ठेवायचे. आमच्यात याविषयी कधी बोलणं झालं नाही.

एवढं करूनही हॉल रिकामा दिसत होता हे मान्य करायला हवं, आणि घात नेमका त्यामुळेच झाला. शहरात रिकामी जागा ही चैन असते. गावात ती सोय असते, आणि सोय एकट्याची कधीच नसते. आधी शेजारच्या वहिनींनी तांदळाची पोती ठेवली, ‘दोन दिवसांपुरती’. मग गणपती झाल्यावर मंडळाचे स्पीकर आले. तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ चुलतभावाचं ठरलं. आमच्याकडे लग्न अक्षतांपुरतं असतं; खरी पंगत, खरा नाच, खरे रुसवेफुगवे हळदीच्या रात्री. भावकी बसली, याद्या झाल्या, आणि सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न निघताच थोरल्या काकांनी एका वाक्यात निकाल दिला. “याच्या घरात. याच्याकडं कायच नाय.”

टेम्पोतून मांडववाल्याचे टोप उतरले, माणूस आत बसून आंघोळ करील एवढाले. कढया, पराती, झारे, शेगड्या, कांद्याबटाट्याची पोती, आणि पन्नास गाद्या. मी मायक्रोसिमेंटवर निदान पुठ्ठा अंथरा म्हणेपर्यंत त्यावरून सिलेंडर गडगडत गेला होता. वाळकी काटकी असलेल्या मडक्यात कुणीतरी अगरबत्ती खोचली. मंद उजेडाचे दिवे पाहून केटरर म्हणाला, “लाइट कमी येतोय का तुमच्याकडं?” आणि मांडवातून वायर ओढून त्याने एक हॅलोजन लावला. त्या प्रकाशात ओट रंग प्रथमच नीट दिसला. प्रायमरच होता.

गाद्यांच्या थप्पीवर काका रेलले आणि पाठ टेकायला जरा मागे सरकले. भिंत टक्कन उघडली. आधी थर्मास आला, मग कळश्या, मग शिंपल्यांचा ताजमहाल, मोठी काकी झाकणासकट, आणि सगळ्यात शेवटी, अंमळ विचार करून, उपविजेतेपद खांद्यावर कोसळलं. काका म्हणाले, “भिंतीत सामान? चोरीचं हाय का काय?” पोरांनी ट्रॉफ्या उचलून टेबलावर मांडल्या, भावाने कुठला सामना कुणी घालवला ते सांगायला घेतलं, आणि हॉल पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागला.

इकडे धवलारीण आजी चुन्याच्या भिंतीला टेकून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होत्या. उठताना त्यांनी हळदीने भरलेला हात भिंतीला लावला. मी कळवळून पुढे झालो, आणि पाहतो तर पंजा पिवळा नव्हे, तांबडालाल उमटलेला. चुना आणि हळद एकत्र आली की कुंकू होतं. माझी भिंत पुरती सुकलीच नसल्याने तिच्यातला चुना अजून कच्चा होता. पण हे सांगायला मला वेळ कुठे मिळाला? “शुभ हाय, शुभ हाय,” म्हणत आयाबायांनी रांग लावली. आत्याने दोन्ही पंजे लावले आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाली, “चला, रंगाला सुरुवात तरी झाली.”

वऱ्हाड परतल्यावर सकाळी काका चहाला आले. खांदा चोळत त्यांनी हॉलभर फेरी मारली, गाद्या मोजल्या, टोपांच्या रांगेशेजारून चालता येतं का ते चालून पाहिलं, कपाट दाबून उघडलं नि मिटलं. मग लाल खुर्चीवर बसून म्हणाले, “त्या पोरीचा नंबर दे मना. आमच्या धाकट्याचं मे महिन्यात हाय. असंच करून घेतो, पन्नास गाद्या मावतील असं.”

मी नंबर दिला. भाव सांगितला नाही.